लग्न झालंय का, हे विचारून गोळी देणार?

परळची सून:
काल इथे एका काकांनी लिहिलं, 'कुटुंबनियोजन कुटुंब असलेल्यांसाठी. कॉलेजच्या पोरांच्या हाती साधनं दिली की ती मोकाट सुटतात.' काका, मी कुटुंबवालीच होते. एकविसावं वर्ष, लग्नाला तीन महिने, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. तांबी बसवायला गेले तर दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, 'आधी एक होऊ दे. आणि सासूबाईंना घेऊन ये.' पुढच्याच महिन्यात दिवस गेले, परीक्षा बुडाली. मुलगा जीव की प्राण आहे, पण पदवी राहिली ती राहिलीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अपूर्ण गरज, म्हणजे मूल नको किंवा इतक्यात नको पण साधनही वापरात नाही अशा बायका, ९.४ टक्के सांगतात, त्याही फक्त विवाहित. बिनलग्नाच्या मुली त्या आकड्यात नाहीतच.

दादरचे काका:
'मोकाट' मागे घेणार नाही. माझी भाची ती ७२ तासांची गोळी, संबंधांनंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घेतात ती, महिन्यातून दोन-दोनदा घ्यायची. पाळी पार बिघडली. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणूनच ना?

मेडिकलवाला, गोरेगाव:
२००५ पासून मिळते, आणि मिळायलाच हवी. ती अडीनडीची गोळी आहे. भाचीला रोजची गोळी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन कुणी सांगितलं होतं का? सरकारी केंद्रात फुकट असतं. माझ्याकडे मुलं दुकान रिकामं होईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या चघळत उभी राहतात, मग हळूच कंडोम मागतात. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षांनीही आपण कुजबुजतोच आहोत.

चाळकरी:
मिळालं तरी ठेवायचं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण. वहिनीने पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलं, आईला सापडलं, आठ दिवस घरात अबोला. आधी माणसाला खोली द्या!

दादरचे काका:
दर वेळी घराचं रडगाणं! विषय काय, तुम्ही बोलताय काय?

चाळकरी:
रडगाणं? दादा-वहिनी गॅलरीत झोपतात, आम्ही आत. विरारला भाडं परवडतं, पण दादाची रात्रपाळी लोअर परळला. तीन खोल्यांत राहून आम्हाला विषय शिकवू नका.

परळची सून:
हाच विषय आहे, काका. भाची तुमच्याकडे का नाही आली?

दादरचे काका:
आली असती तर ओरडलोच असतो, हे खरं. सासूला आणायला सांगणंही चूकच. पण बाकीचं मला पटलेलं नाही.

चाळकरी:
मेडिकलवाले दादा, त्या इंजेक्शनचं पाकीट घरी ठेवावं लागत नाही ना? वहिनी विचारतेय.

मेडिकलवाला, गोरेगाव:
नाही. आधी डॉक्टर तपासतात, मग तिथेच देतात. पुढच्या तारखेचं कार्ड मात्र मिळतं. घरी नको असेल तर माझ्या गल्ल्यात ठेवीन.