मदत हवी आहे: गीझरच्या काउंटडाउन टायमरमध्ये चालू असताना वेळ कशी वाढवायची?

होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) गीझरसाठी टायमर हेल्पर (उलटी मोजणी करणारा घटक) केलाय. कालावधी २० मिनिटं, 'रिस्टोअर' (रीस्टार्टनंतरही मोजणी टिकवणारा पर्याय) चालू. स्विच ऑन झाला की टायमर.स्टार्ट, टायमर.फिनिश्ड इव्हेंट आला की स्विच ऑफ, हाताने बंद केला तर टायमर.कॅन्सल. ऑटोमेशनमध्ये डिले (ठरावीक वेळ थांबण्याची पायरी) मुद्दाम घातला नाही. मध्येच रीस्टार्ट झालं की डिले उडतो आणि गीझर तापतच राहतो.

अडचण '+५ मिनिटं' बटणाची आहे. टायमर.चेंज (चालू टायमरची वेळ बदलणारी कमांड) मूळ कालावधीच्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे १८ मिनिटं उरलेली असताना बटण दाबलं की थेट एरर. फिनिशेस_ॲट (टायमर संपण्याची वेळ) वरून उरलेले सेकंद काढायचे, त्यात ३०० मिळवायचे आणि त्या कालावधीने पुन्हा टायमर.स्टार्ट द्यायचं, असा विचार आहे. कुणाकडे चालणारं टेम्प्लेट (हे गणित करणारा छोटा कोड) असेल तर कृपया टाका.

दुसरं, स्विचवर टास्मोटा (स्मार्ट स्विचच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आहे. वायफाय गेलं तरी गीझर बंद व्हायलाच हवा, म्हणून पल्सटाइम, म्हणजे ऑन झाल्यावर किती वेळाने स्विचने स्वतःच बंद व्हायचं ते, २५०० ठेवलाय (४० मिनिटांचे २४०० सेकंद, अधिक टास्मोटाच्या पद्धतीनुसार मिळवायचे १००). पॉवरऑनस्टेट ०, म्हणजे लाइट जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. वेळ वाढवताना ही ४० मिनिटंही नव्याने मोजायला हवीत. त्यासाठी चालू रिलेला (स्विचमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग) पुन्हा ऑन पाठवणं पुरतं, की आधी ऑफ करावंच लागतं? २००० वॅटचा लोड असल्याने रिले उगाच उघडझाप करायला नको.