अल्टोचं वजन कमी करायचंय, काय काढू आणि काय ठेवू?

रंकाळाकाठ
मंडळी, माझी 2011 ची अल्टो आहे, 796 सीसी. रोज रंकाळा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी. सपाटीला तक्रार नाही, पण कोकणातून करूळ घाट चढून येताना एसी चालू असला की गाडी ओढतच नाही. इंजिनाला हात लावायचा नाही. मागची सीट, स्टेपनी, खालचे आवाज दाबणारे डांबरी पॅड आणि एसी काढला तर फरक पडेल का? आई महिन्यातून दोनदा दवाखान्याला मागं बसून येते, एरवी मागं कुणी नसतं.

उद्यमनगरवाला
भावा, सीट काढू नकोस. मी हे करून बसलोय. माझ्या गाडीची मागची सीट आणि पॅड काढले, सगळं मिळून 25 किलोसुद्धा भरलं नाही. पॅड छिन्नीनं खरवडताना दोन ठिकाणी रंग उडाला, पावसाळ्यानंतर तिथंच गंज धरला. चाकानं उडवलेली खडी पत्र्यावर अशी वाजायची की बायकोशी बोलायला आवाज चढवावा लागायचा.

खरी भीती ब्रेकची. इंजिन पुढं, ओढणारी चाकंही पुढचीच, म्हणजे मागची बाजू आधीच हलकी. जुलैत आंबा घाट उतरताना जोरात ब्रेक दाबला आणि मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी व्हायला लागली. ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नव्हतं. दुसऱ्या दिवशी सीट परत बसवली.

एसीचं वजन हा प्रश्नच नाही, कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो. चढाला बंद कर, वर पोचलास की लाव.

घाटमाथा
सीट कायमची काढली तर आरसीवरची आसनसंख्या जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरटीओत अडचण होते. स्टेपनीही राहू दे. गगनबावड्याच्या पावसात रात्री पंक्चर झाली तर कुणाला हाक मारणार?

उद्यमनगरवाला
आणि अलॉय चाकं घेणार असशील तर आधी काट्यावर ठेवून बघ. स्वस्तातली ओतीव अलॉय 12 इंची लोखंडी डिस्कपेक्षा जड निघू शकतात. फिरणारं वजन पिकअपला जास्त नडतं, म्हणून रुंद टायरचाही मोह नको. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धर. 35 लिटरची टाकी अर्धी ठेवलीस तर 13 किलो तिथंच कमी. एअर फिल्टर आणि क्लचही बघून घे, चढाला ओढत नाही म्हटलं की मी आधी तेच तपासतो.

रंकाळाकाठ
आज डिकी रिकामी केली. पाण्याचा 20 लिटरचा कॅन, फरशीचा अर्धा बॉक्स आणि काकांची पान्यांची पेटी निघाली, सगळं मिळून 45 किलो. सीट, स्टेपनी, एसी जागेवर. क्लच दाखवायला मंगळवारी उद्यमनगरात येतोय.