मदत हवी आहे: मोरियासूंच्या हिरोशिमातल्या कारकिर्दीबद्दल
2022 च्या फुटबॉल विश्वचषकात जपानचे प्रशिक्षक असलेल्या हाजिमे मोरियासूंवर मराठीत सविस्तर लेख लिहितोय. खेळाडू म्हणूनचा भाग झालाय: माझ्दा, मग सानफ्रेचे हिरोशिमा हे क्लब, आणि 1993 साली दोहात इराकशी 2-2 बरोबरी होऊन जपानचा हुकलेला विश्वचषक. अडलोय ते प्रशिक्षकपदावर.

2022 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध मध्यंतराला त्यांनी आघाडीच्या कुबोला काढून बचावपटू तोमियासूला आणलं आणि बचावात तीन जण केले. सामना तिथेच फिरला. विजयी गोल मारणारा असानोही त्यांच्याच हिरोशिमातला! म्हणून या बदलाची मुळं मला तिथे शोधायची आहेत. 2012, 2013 आणि 2015 ची जे-लीग (जपानची मुख्य क्लब स्पर्धा) जिंकणारा त्यांचा संघ तीन बचावपटूंनीच खेळायचा, पण ती रचना हिरोशिमाचे आधीचे प्रशिक्षक पेत्रोविच यांची.

यूट्यूबवर त्या काळातले फक्त गोलांचे तुकडे मिळाले, त्यात बचाव दिसतच नाही. जपानी लेख मशीनने भाषांतरित करून पाहिले, डावपेचांचा भाग पार विस्कटतो. मला जपानी येत नाही, इंग्रजी चालेल. आकडेवारी नको, ती आहे.

पेत्रोविचच्या रचनेत मोरियासूंनी नेमकं काय बदललं, आणि ते स्पष्ट दिसेल असा त्या तीन हंगामांतला कोणता पूर्ण सामना बघू?