साइटवर ४०० मेंबर, लिहिणारे सहाच. काय करू?

गच्चीवरचा_माळी
नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी गच्चीवरच्या बागेसाठी मराठी फोरम काढला. कारण एवढंच की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला तोच प्रश्न, जास्वंदीवर पांढरं कापसासारखं काय आलंय, आणि तेच उत्तर टाइप करून करून बोटं झिजली, म्हटलं एका जागी साठवू. आता ४०० च्या वर लोकांनी नाव नोंदवलंय पण लिहिणारे सहा, आणि त्यातले चार आम्हीच 😀 फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली, लोक आले, बघितलं, गेले. चुकतंय कुठे?

उंटावरचा_शहाणा
सहा म्हणजे वाईट नाही हो. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा ठिकाणी ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि खरा भार १ टक्का उचलतो. ४०० चा १ टक्का काढा. पण आत्ता तुमची साइट बघून आलो, १४ विभाग केलेत आणि त्यातले नऊ रिकामे! रिकाम्या खानावळीत कोण जेवायला बसतं? दोनच ठेवा, 'काय बिघडलंय' आणि 'काय उगवलंय', गर्दी झाली की मग भिंती घाला. रेडिटवाल्यांनी २००५ मध्ये सुरुवातीला स्वतःच खोट्या नावांनी पोस्टी टाकून दुकान भरलेलं दाखवलं होतं, पण ते मराठीत करू नका, आपले लोक दोन दिवसांत भाषेवरून ओळखतात.

जुनी_खोड
माळीदादा, मी मायबोलीवर बऱ्याच वर्षांपासून आहे. १९९६ पासून चालू आहे ती साइट, तेव्हा तर मराठी टायपिंगचीच बोंब होती. लोक टिकले त्याचं एक कारण म्हणजे तिथे वर्षाचं कॅलेंडर असायचं. गणेशोत्सवात स्पर्धा, दिवाळीला अंक, पावसाळ्यात ववि म्हणजे वर्षाविहार. ज्याच्याबरोबर एकदा भजी खाल्ली त्याच्या धाग्यावर माणूस प्रतिसाद देतोच. तुम्ही मे अखेरीस बियांची अदलाबदल ठेवा की, कुणाच्या तरी गच्चीवर, दहा माणसं आली तरी पुष्कळ. जाहिरातीचे पैसे चहाला वापरा.

नाव_सुचत_नाही
+१. आणि शीर्षकं सुधारा राव. 'मदत हवी', 'अर्जंट', 'तज्ज्ञांनी सांगावे' हे गूगलवर कोण शोधणार? 'जास्वंदीवर पांढरी कीड' असं लोक जसं बोलतात तसं लिहा, आत पिठ्या ढेकूण हे नाव पण येऊ दे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर शोधून येणाऱ्याला दिसतच नाही, तुमचा फायदा तिथेच आहे. ग्रुपवर नुसती लिंक फेकू नका मात्र, उत्तराच्या दोन ओळी तिथेच द्या आणि मग लिंक.

खवचट_काका
वाढवायचंच कशाला एवढं? युजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीच्या चर्चागटांवर, दर सप्टेंबरात कॉलेजची नवी पोरं यायची, महिनाभरात तिथली रीत शिकायची. मग एओएल या इंटरनेट पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना दार उघडलं आणि नवख्यांचा लोंढा थांबेचना, जुन्या लोकांनी त्याला नावच ठेवलं, १९९३ चा न संपणारा सप्टेंबर. तुमच्याकडे तर उलटंच, आलेल्याला पण कोणी विचारत नाही. पान दोनवर एका बाईंनी मिरचीची पानं वळताहेत म्हणून विचारलंय, पहिलीच पोस्ट, अकरा दिवस झाले, एक उत्तर नाही. त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी गेल्याच समजा. आधी हे बघा, जाहिरात नंतर.

गच्चीवरचा_माळी
काका, आत्ता जाऊन बघितलं. लाज वाटली. आम्ही चौघं पोस्टर डिझाइन करत बसलो होतो त्या आठवड्यात. विभाग दोन केले, आणि चौघांत वार वाटून घेतलेत, नवीन माणसाला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे. मिरची मेली असेल त्यांची एव्हाना, तरी सॉरी म्हणून निंबोळी तेल फवारा असं लिहिलंय.

जुनी_खोड
थांबा, पानं वर वळलीत की खाली ते विचारलंत का? वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड. फोटो मागवा आधी.

गच्चीवरचा_माळी
नाही विचारलं 🙏 ताई, तुम्हीच लिहा ना तिथे.