जुन्या रास्पबेरी पायवर एसएसएचएफएस बसत नाही, सल्ला हवा

जुनापाय :
रास्पबेरी पाय या छोट्या एका बोर्डाच्या संगणकाचं पहिलं मॉडेल बी आहे, ५१२ एमबीवालं. वर रास्पबियन व्हीझी, म्हणजे त्याच्या लिनक्सची जुनी आवृत्ती. त्यावर तापमान नोंदवणारी एक स्क्रिप्ट चालते, ती मी लिहिलेली नाही, म्हणून कार्ड पुसायला हात धजत नाही. सर्व्हरवरचं एक फोल्डर एसएसएचएफएसनं (म्हणजे एसएसएचच्या एन्क्रिप्टेड जोडणीवरून) इथे माउंट करायचंय, इथलंच असल्यासारखं वापरायला. अपडेट मारलं की ४०४, म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडत नाही. डेबियनचं (रास्पबियन ज्यावर बेतलंय ते लिनक्स) आर्मएचएफ पॅकेज, म्हणजे आर्म चिपसाठीचं, उतरवून बसवलं, तर 'इललीगल इन्स्ट्रक्शन' (चिपला न कळणारी आज्ञा).

तारजोड्या :
ते पॅकेज आधी काढा. डेबियनचं आर्मएचएफ आर्मव्ही७ पिढीच्या चिपसाठी असतं, तुमची चिप त्याआधीची, आर्मव्ही६. रास्पबियननं नाव तेच ठेवलं आणि बांधणी आर्मव्ही६ ची केली, त्यात भले भले फसतात. व्हीझीची पॅकेजं आता 'लेगसी'वाल्या पत्त्यावर आहेत. सोर्सेसच्या फाइलीत (पॅकेजं कुठून घ्यायची ते जिथे लिहिलेलं असतं) तो घाला. एसएसएचएफएसची मिळेल ती जुनी आवृत्ती घ्या. ३.x सोर्सवरून बांधायला जाऊ नका, तिला फ्यूज ३ (असं माउंट करू देणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती) लागतं.

जुनापाय :
बसलं! पण आता 'परमिशन डिनाइड'. पासवर्डऐवजी वापरायची आरएसए की सर्व्हरवर नीट टाकलीय, तीनदा तपासली.

तारजोड्या :
सर्व्हरवर ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर) ८.८ किंवा पुढचं असणार. ते शा-१ या जुन्या पद्धतीची आरएसए सही डीफॉल्टनं घेत नाही, आणि व्हीझीतल्या ओपनएसएसएच ६.० ला दुसरी करता येत नाही. एड२५५१९ हा कीचा नवा प्रकार सुचवतील कुणी, पण तो ६.५ ला आला. ईसीडीएसए या प्रकारची की बनवा, २५६ बिटांची. सर्व्हरच्या सेटिंगला हात लावून जुनी सही उघडू नका, एका बोर्डापायी सगळं दार सताड.

बिनकुलूप :
घरच्याच नेटवर्कवर असाल तर एनएफएस (एन्क्रिप्शनविना फोल्डर माउंट करायची पद्धत) का नाही? ७०० मेगाहर्ट्झवर एन्क्रिप्शन म्हणजे बैलाला विमान ओढायला लावणं. मोठी फाइल कॉपी करताना टॉप (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातो ते दाखवणारी आज्ञा) उघडून बघा, एसएसएच सगळा सीपीयू खाताना दिसेल.

तारजोड्या :
मुद्दा बरोबर. व्हिडिओ असते तर मीही तेच म्हटलं असतं. इथे चार ओळींच्या नोंदी आहेत.

जुनापाय :
ईसीडीएसएनं झालं, फोल्डर दिसतंय. फक्त रात्री राउटर रीस्टार्ट झाला आणि सकाळी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तर टर्मिनल तसंच लटकलं.

तारजोड्या :
माउंट करताना रीकनेक्ट आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ (दर १५ सेकंदांनी सर्व्हर जिवंत आहे का ते विचारणारा) हे दोन्ही पर्याय द्या, नुसतं रीकनेक्ट पुरत नाही. आत्ता अडकलेलं माउंट फ्यूजरमाउंट या आज्ञेला यू आणि झेड हे पर्याय देऊन सोडवा. आणि बोर्ड बंद करून त्या कार्डाची इमेज (जशीच्या तशी प्रत) आजच काढून ठेवा, स्क्रिप्ट तुमची नाही म्हणता ना.