चर्चा : डिलनने विजेची गिटार हाती घेतली, ही श्रोत्यांशी प्रतारणा होती का?

झाडीपट्टीकर :
यंदा आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडार या लोकनाट्यात ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड हे विजेवर चालणारे तालवाद्य आले आणि जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मला त्यांची बाजू पटते. मिनेसोटातील हिबिंग या लोहखनिजाच्या खाणींच्या गावात वाढलेला अमेरिकी गायक बॉब डिलन १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन लोकगायक वुडी गथ्रीच्या वळणाची गाणी गाऊ लागला आणि दोन-तीन वर्षांतच नागरी हक्कांच्या चळवळीने त्याला आपला मानले. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन बँडसह उभा राहिला, तेव्हा त्याची हुर्यो उडाली. ज्यांनी मोठे केले त्यांच्याकडेच त्याने पाठ फिरवली. आपले तुकडोजी महाराज देशभर फिरले, पण त्यांची खंजिरी सुटली नाही.

वऱ्हाडी वाचक :
महाराजांचे उदाहरण आपल्यावरच उलटते. वारकरी भजनाची वाद्ये टाळ, मृदंग आणि वीणा. खंजिरीवर भजन रंगवणे हीच मुळात वेगळी वाट होती आणि आज आपण तिलाच परंपरा म्हणतो. शिवाय डिलन शाळेत असताना रॉक अँड रोल वाजवणाऱ्या बँडमध्ये होता, म्हणजे लोकगीतांकडे तो नंतर वळला. न्यूपोर्टला बँडसह तीनच गाणी झाली आणि त्यानंतर तो साधी गिटार घेऊन पुन्हा मंचावर आला, हे मात्र कोणी सांगत नाही.

गोंदियाकर :
आपण दोघेही वाद्यावरच अडून बसला आहात. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर न्यूपोर्टला त्या दिवशी संतापले होते, पण आवाज इतका फाटत होता की शब्दच कळेनात, ही आपली तक्रार होती, असे त्यांनी पुढे सांगितले. आमच्याकडेही तेच होते. ऑक्टोपॅडवाला भोंग्याचा आवाज चढवतो आणि दंडारीतला सवाल-जवाब पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. (भोंगेवाल्याला सांगायला गेले की तो आपल्यालाच बसवतो, ही गोष्ट वेगळी.)

झाडीपट्टीकर :
भोंग्याचे म्हणणे रास्त आहे, परंतु डिलनला ते लागू पडत नाही. मे १९६६ मध्ये मँचेस्टरच्या कार्यक्रमात एका श्रोत्याने त्याला ‘ज्यूडास’, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने बँडला आणखी मोठ्याने वाजवायला सांगितले. तिथे आवाज चढला तो त्याच्याच सांगण्यावरून.