रोजच्या बॅकअपमध्ये आधी काय घ्यावे?

उद्यमनगरवाला: नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशीन शॉप असून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग आम्ही करतो. ऑफिसच्या संगणकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ड्रॉइंग, तपासणी अहवाल, कोटेशने आणि प्रदर्शनांचे व्हिडिओ साठले आहेत. निम्म्याहून अधिक जागा व्हिडिओंनीच व्यापली आहे. सगळ्याचा रोज बॅकअप घेणे परवडत नाही. आधी काय जपावे, हे कसे ठरवावे?

जमाखर्च: फाइल गेली तर ती पुन्हा कोठून मिळेल आणि तिच्याविना किती दिवस काम चालेल, हे प्रत्येक फोल्डरबाबत विचारावे, आकाराला महत्त्व देऊ नये. ग्राहकाचे ड्रॉइंग ग्राहकाकडून पुन्हा मागता येते, सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येते. पण टॅलीतील आजच्या नोंदी आणि तुम्ही स्वतः मोजून भरलेले तपासणी अहवाल दुसऱ्या कोणाकडेही नसतात, म्हणून ते रोज घ्यावेत. मागील वर्षांचे हिशेब आता बदलणार नाहीत, तेव्हा ते रोजच्या बॅकअपमधून काढून दोन ठिकाणी कायमचे ठेवावेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार ते वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. टॅलीची जुनी आवृत्ती पुढे उघडेलच असे नाही, त्यामुळे खातेवह्यांची पीडीएफही सोबत असावी.

सेटर: वरील उत्तरात शॉप फ्लोअर राहून गेला. ऑपरेटर सीएनसीवरच (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवरच) प्रोग्राममध्ये फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) किंवा टूलचा क्रम बदलतो, त्यामुळे जॉब ज्या प्रोग्रामवर बरोबर निघतो तो बहुधा मशीनमध्येच असतो आणि ऑफिसात असते ती जुनी प्रत. शिवाय अनेक कंट्रोलरमधील (मशीन चालवणाऱ्या संगणकातील) पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग्ज, बॅटरीच्या आधारावर टिकतात. बॅटरी संपली की ते जातात आणि मशीन उभे राहते. हा सगळा डेटा एका लहान पेन ड्राइव्हमध्ये मावतो. माझ्या मते तुमच्या यादीत तोच पहिला असावा: प्रोग्राम बदलला की लगेच, आणि पॅरामीटर प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर.

उद्यमनगरवाला: आभारी आहे. मशीनचा विचार यादी करताना मनातही आला नव्हता. दुसरी प्रत शाहूपुरीतील घरी ठेवली तर चालेल का?

जमाखर्च: घर सखल भागात असेल तर तेवढ्यावर विसंबू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या काही भागांत पाणी शिरले होते आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर डिस्क आणायला जाता येईलच असे नाही. टॅली, अहवाल आणि सीएनसी प्रोग्राम मिळूनही आकार लहानच राहतो, तेव्हा त्यांची एक प्रत क्लाउडवर असावी. घरची डिस्क बॅकअप झाला की संगणकापासून काढून ठेवावी, अन्यथा रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) तीही लॉक करते. व्हिडिओ वर्षातून एकदा वेगळ्या डिस्कवर उतरवले तरी पुरे.